मॉरिशसमध्ये बेत वाऱ्याला विचारून आखा

वाचकाचं पत्र (थोडक्यात) : मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पाच जण सात रात्रींसाठी मॉरिशसला जातोय. मी, नवरा, 15 वर्षांची मुलगी, 9 वर्षांचा मुलगा आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांचं वय 74, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. टूरवाल्याने सातही रात्री ग्रां बे इथलं हॉटेल दिलंय आणि रोजचा कार्यक्रम गच्च भरून पाठवलाय : उत्तर दर्शन, दक्षिण दर्शन, इल ओ सेर्फ बेट, पॅरासेलिंग, समुद्राखाली चालणं, डॉल्फिन, झिपलाइन. सगळ्याचे पैसे आत्ताच भरले तर सूट देतो म्हणतो. नवऱ्याला ल मॉर्नचा डोंगर चढायचाय, तो यादीतच नाही. मुलीला डॉल्फिनबरोबर पोहायचंय. अण्णांना मजूर म्हणून गेलेली आपली माणसं जिथे उतरली तो घाट बघायचाय, पण यादीत त्यापुढे लिहिलंय ‘फोटोसाठी 20 मिनिटं’. मला पोहता येत नाही, पाण्याची भीती वाटते. ते बोलले तर सगळ्यांचा विरस होईल म्हणून गप्प आहे. काय ठेवू आणि काय काढू?

प्रिय ताई,

आधी पैशांचं सांगते. समुद्रावरच्या कुठल्याही सहलीचे पैसे तारीख ठरवून आत्ता भरू नका, सूट कितीही मिळत असो. विमान, हॉटेल, विमानतळावरून ने-आण आणि दोन दिवसांची गाडी एवढंच पक्कं करा. बाकीचं तिथे पोहोचल्यावर, वारा बघून.

याचं कारण त्या बेटाच्या घडणीत आहे. मॉरिशस लांबीला साधारण 65 किलोमीटर, रुंदीला 45. नकाशावर एवढंसं दिसतं, पण एकाच दिवशी त्याच्या दोन किनाऱ्यांवर दोन वेगळे समुद्र असतात. वारा बहुतेक वर्षभर आग्नेयेकडून येतो. पूर्व किनारा तो अंगावर घेतो, मधले डोंगर त्याला अडवतात आणि पश्चिमेचा किनारा आडोशाला राहतो. बेटाभोवती बऱ्याच भागात प्रवाळाची भिंत आहे. भिंतीच्या आतलं पाणी उथळ आणि शांत, बाहेर मात्र खुला हिंदी महासागर. त्यामुळे तुमच्या यादीतली ‘बोटीची सहल’ भिंतीच्या आत आहे की बाहेर, पूर्वेला आहे की पश्चिमेला, यावर तो दिवस आनंदाचा जाणार की उलट्या काढण्यात जाणार हे ठरतं. यादी छापणाऱ्याला त्या दिवशीचा वारा माहीत नसतो. आणि एकदा पैसे भरले की वारा सुटलेला दिसत असूनही ‘नको’ म्हणायला जीभ रेटत नाही.

महिना मात्र तुम्ही छान निवडलाय. तिथले ऋतू आपल्या उलटे. चक्रीवादळांचा मोसम नोव्हेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत धरतात, पण खरा जोर जानेवारी ते मार्चमध्ये असतो. मेमध्ये उकाडा ओसरलेला असतो, पाण्यातली ऊब टिकलेली असते आणि जुलै-ऑगस्टचा झोंबरा वारा अजून सुरू व्हायचा असतो. तरी तिथल्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर रोज सकाळी नजर टाकायची सवय ठेवा. वादळाचे इशारे चार पातळ्यांचे असतात. तिसरी पातळी जाहीर झाली की बस, दुकानं सगळं थांबतं आणि माणसं घराबाहेर पडत नाहीत. तुमच्या तारखांना अशी वेळ येण्याची शक्यता कमी, पण पद्धत ठाऊक असलेली बरी.

दुसरा बदल हॉटेलचा. सात रात्री ग्रां बेला राहू नका. ग्रां बे उत्तर टोकाला आहे. ल मॉर्न, शामारेल, राष्ट्रीय उद्यान, गंगा तलाव हे सगळं नैर्ऋत्येला आणि मध्यावर. मध्ये पोर्ट लुईसची कोंडी, तीही नेमकी सकाळ-संध्याकाळ. अण्णांना रोज तीन-चार तास गाडीत बसवून त्यांच्या गुडघ्यांची काय अवस्था होईल? पहिल्या तीन रात्री उत्तरेला राहा आणि पुढच्या चार पश्चिमेला, फ्लिक-आँ-फ्लाक किंवा तामारिनच्या आसपास. टूरवाला म्हणेल की हॉटेल बदलण्यात अर्धा दिवस वाया जातो. त्याला सांगा, तो अर्धा दिवस आम्ही पोर्ट लुईसला घालवणार आहोत. ते वाटेवरच आहे आणि अण्णांचा घाटही तिथेच आहे.

आता तुमच्या भीतीबद्दल, कारण मला पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती वाटली. ताई, निघण्याआधी घरी स्पष्ट सांगा. विरस होईल म्हणून गप्प बसलात तर तुम्ही बोटीच्या काठावर जीव मुठीत धरून बसाल आणि दोन्ही मुलांवर तुमचं लक्षही राहणार नाही. शिवाय न बोलण्याचं कारणच नाही, कारण पोहता न येणाऱ्यांसाठी त्या समुद्रात भरपूर काही आहे.

समुद्राखाली चालणं हे त्यातलंच एक. नाव ऐकून तुम्ही ते आधी काढून टाकाल, म्हणून जरा सविस्तर सांगते. बोट प्रवाळ भिंतीच्या आत उभी असते. तुम्ही शिडीवरून खांद्यापर्यंत पाण्यात उतरता, मग वरून एक जड शिरस्त्राण खांद्यांवर ठेवतात. त्याला समोर काच असते आणि खालून ते उघडं असतं. बोटीवरच्या यंत्रातून नळीने सतत हवा येत राहते, त्यामुळे पाणी हनुवटीच्या वर चढत नाही. केस कोरडे राहतात, चष्मासुद्धा डोळ्यांवर ठेवता येतो. पाण्यात शिरलं की त्याचं ओझं जाणवत नाही. खोली तीन-चार मीटर. उतरताना कान दडपतात. तेव्हा खालून हात आत घालून नाक चिमटीत धरायचं आणि हळूच फुंकर मारायची, कान मोकळे होतात. ते झाल्याशिवाय पुढची पायरी उतरायची नाही. बरोबरच्या पाणबुड्याशी बोलता येत नाही, म्हणून खुणा ठरवलेल्या असतात. त्यातली ‘वर ने’ ही खूण बोटीवरच दोनदा करून बघा. हव्या त्या क्षणी वर येता येतं हे हातांना माहीत असलं की भीती निम्मी होते. अण्णांना मात्र यात उतरवू नका. बीपी आहे, आणि शिडी चढताना गुडघ्यांवरही ताण येतो. मुलाला चालेल, पण सर्दी झाली असेल तर त्यालाही नको. खाली पाव चुरून मासे जमवण्याची हौस बरेच जण पुरवतात. तुम्ही नको म्हणा. माशांचं पोट त्याने बिघडतं. आणि चालायचं ते वाळूवरून, प्रवाळावर पाय पडू देऊ नका.

ही सहल उत्तरेला असतानाच उरकता येते. ग्रां बेच्या परिसरातून या बोटी निघतात.

कुठल्याही बोटीत पाय ठेवण्याआधी चार गोष्टी बघायच्या. बोटीवर नोंदणी क्रमांक रंगवलेला आहे का? पर्यटकांची बोट चालवायला तिथल्या टुरिझम ऑथॉरिटीचा परवाना लागतो, तो मागितला तर दाखवतात का? मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का? (मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात पडल्यावर ते वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. पट्टे आवळून, खांद्याला धरून वर ओढून बघा.) आणि वारा वाढला तर पैसे परत की दुसरा दिवस? किनाऱ्यावर हिंडत जो माणूस स्वस्तात बोट देऊ करतो, तो चांगलाही असेल, पण या चार प्रश्नांना तो वैतागला तर तिथूनच वळा. वेगवान बोटीत बसायचंच असेल तर अण्णांना आणि तुम्हाला मागच्या बाजूची जागा मागून घ्या. लाटेवर आपटण्याचा सगळा मार पुढे बसलेल्यांच्या कमरेला बसतो. त्यापेक्षा कॅटामरान, म्हणजे जोडतळाची बोट, बरी, मोठी आणि स्थिर असते. पण उत्तरेकडून क्वँ द मीर आणि त्यापलीकडच्या बेटांना जाणाऱ्या कॅटामरान भिंतीबाहेरच्या समुद्रातून जातात. ती सहल तुमच्यासाठी नाही.

मुलीच्या डॉल्फिनचं काय करायचं? तिला वाईट वाटेल, पण मी नको म्हणेन, आणि कारण तिला पटेल असं आहे. तामारिनच्या उपसागरात जे डॉल्फिन सकाळी दिसतात, त्यातले बरेचसे रात्रभर खोल समुद्रात शिकार करून विश्रांतीसाठी उथळ पाण्यात आलेले असतात. तीच त्यांची झोपेची वेळ, आणि नेमक्या त्याच वेळी बोटींची रांग लागते. कळप ज्या दिशेला वळेल त्याच्या पुढे बोट घालायची, ‘उडी मारा’ म्हणायचं, माणसं धपाधप पाण्यात, कळप खाली, माणसं परत बोटीत, पुन्हा पाठलाग. अंतर किती ठेवायचं याचे तिथे नियम आहेत, पण गर्दीच्या सकाळी ते पाळणारे कमी. मुलांसाठी धोकाही खरा आहे. आजूबाजूला बोटींचे पंखे फिरत असताना खोल पाण्यात उडी मारायची असते.

पंधराव्या वर्षी मुलीला हे नीट समजावून सांगितलं तर ती स्वतःच मागे हटेल असं मला वाटतं. तरी बघायचेच असतील तर अगदी पहाटे निघणारी छोटी बोट घ्या. इंजिन बंद करून लांब थांबायचं, कुणी पाण्यात उतरायचं नाही, हे आधी ठरवा. डॉल्फिन आपणहून जवळ आले तर आले. आणि तिला पाण्यात उतरायची जी हौस आहे, ती ब्लू बेला पुरी होईल. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

इल ओ सेर्फ यादीत ठेवा, पण दिवस वारा बघून ठरवा, कारण ते पूर्व किनाऱ्यावर आहे. त्रू दो दूस गावातून बोट सुटते. वाळू आणि पाण्याचा रंग यांबद्दल जे ऐकलं असेल ते खरं आहे. दुपारी गर्दी उसळते, म्हणून सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एक पकडा. तिथे दोन बेटांमधल्या अरुंद पाण्याला भरती-ओहोटीच्या वेळी ओढ असते. पाणी गुडघाभर दिसलं तरी मुलाला एकट्याने पलीकडे जाऊ देऊ नका. पॅरासेलिंग मुलगी आणि बाबा करोत. झुळुकींचा जोर वाढला असेल, किंवा आधीच्या माणसाला उतरवताना चालकांची ओढाताण दिसली, तर त्या दिवशी नाही. झिपलाइन हवी तर ठेवा, नको तर काढा. मॉरिशसला जाऊनच करावी अशी ती गोष्ट नाही.

ल मॉर्न यादीत नाही याचं मला आश्चर्य वाटत नाही. त्यात टूरवाल्याला मिळकत नाही. डोंगर 556 मीटरचा. पायथ्याशी नोंद करायची आणि निघायचं, जाऊन-येऊन साडेतीन-चार तास. पहिला टप्पा झाडीतून जाणारी रुंद मातीची वाट आहे. ती हळूहळू चढते आणि एका सपाटीवर येते. तिथून खालचं प्रवाळाचं कडं आणि पाण्याच्या निळ्या-हिरव्या छटा उघड्या दिसतात. इथपर्यंत मुलगा आरामात येईल, तुम्हीसुद्धा याल. यापुढे मात्र डोंगर बदलतो. उघडा, खडा कातळ, हात लावून चढायचं, काही ठिकाणी दोर. चढण्यापेक्षा उतरणं अवघड. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर तो कातळ निसरडा होतो आणि मग जायचंच नाही. वरचा टप्पा नवरा आणि मुलगी यांनी वाटाड्या घेऊन करावा, तुम्ही आणि मुलगा सपाटीवरून परत फिरा. अगदी सकाळी सुरुवात करा, कारण नऊनंतर त्या कातळावर सावली मिळत नाही. माणशी दोन लिटर पाणी, पकड असलेले बूट, बस. वर जो क्रूस आहे तिथे वाट संपते. खरं शिखर त्यापुढे आहे, पण तिकडे पर्यटकांनी जायचं नसतं.

एक खुलासा. ल मॉर्नजवळचा ‘समुद्राखालचा धबधबा’ मुलांनी फोटोंत पाहिला असेल. तो धबधबा नाही. भिंतीच्या फटीतून वाळू आणि गाळ खोल समुद्राकडे सरकतो, त्याच्या रेषांमुळे तसा भास होतो, आणि तोही फक्त आकाशातून. हेलिकॉप्टरने जाणार असाल तर दिसेल. बोटीतून दाखवतो म्हणणारा खोटं बोलतोय.

आणि आता अण्णांचा घाट. ताई, या सहलीत वेळ कमी पडला तर दुसरं काहीही कापा, हे कापू नका.

पोर्ट लुईसच्या बंदराला लागून असलेला हा आप्रवासी घाट. ब्रिटिशांनी मॉरिशसमधली गुलामगिरी 1835 मध्ये संपवली. उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, म्हणून 1834 पासूनच हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात झाली होती. 2 नोव्हेंबर 1834 ला ‘ॲटलास’ जहाजातून 36 जण उतरले. तो दिवस आजही तिथे सरकारी सुट्टीचा असतो. पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत साडेचार लाखांहून अधिक माणसं आली. बहुतेक बिहार आणि पूर्वेकडच्या भागातली, दक्षिणेतलीही पुष्कळ, आणि मुंबई बंदरातून निघालेली आपल्या कोकणातली. त्यांची पाचवी-सहावी पिढी आज मॉरिशसमध्ये आहे. शाळेत मराठी शिकता येतं आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते.

घाटाचा जो भाग उरलाय तो लहान आहे, म्हणून टूरवाल्यांना तो 20 मिनिटांचा वाटतो. जुन्या इमारतींचा बराचसा भाग रस्त्याखाली गेला. पण बंदरातून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. जहाजातून उतरलेला मजूर त्या चढून आवारात यायचा, तिथे दोन-तीन दिवस थांबायचा, नोंद व्हायची, क्रमांक मिळायचा आणि मग मळ्यावर रवानगी. शेजारच्या संग्रहालयात या नोंदी कशा होत्या ते दाखवलंय. नाव, गाव, जात, अंगावरची खूण. नंतरच्या काळात फोटोही. त्या फोटोंपुढे अण्णा किती वेळ उभे राहतील हे तुम्ही-मी ठरवायचं नाही. दोन तास ठेवा. त्यांना बसायला जागा मिळेल. रविवारी जाऊ नका आणि शनिवारी गेलात तर सकाळीच. मूळ कागदपत्रं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेली आहेत. तुमच्या घराण्यातलं कुणी गेल्याचं अण्णांच्या ऐकिवात असेल, तर नाव, गाव आणि अंदाजे वर्ष लिहून त्या संस्थेला आधी पत्र पाठवा. ऐनवेळी दारात उभं राहून ते काम होत नाही.

हे आणि ल मॉर्न मिळून एकच गोष्ट पुरी होते. मळ्यांवरून पळालेले गुलाम ल मॉर्नच्या त्या उभ्या कड्यांमध्ये लपून राहत. लोक सांगतात की गुलामगिरी संपल्याची खबर घेऊन शिपाई आले, तेव्हा ते धरायलाच आले आहेत असं समजून वरच्या माणसांनी कड्यावरून उड्या टाकल्या. मळ्यांवरचे गुलाम मोकळे झाले आणि त्यांच्या जागी घाटावर आपले लोक उतरवले गेले. युनेस्कोने 2006 मध्ये घाटाला आणि 2008 मध्ये ल मॉर्नला जागतिक वारसा म्हटलं. म्हणून माझी विनंती आहे की आधी घाट, नंतर डोंगर, असा क्रम ठेवा, आणि घाटावर मुलांनाही न्या. मग ल मॉर्नच्या सपाटीवर पोहोचल्यावर आपण कुठे उभे आहोत हे त्यांना कळेल.

घाटापासून चालत सेंट्रल मार्केट आहे. तिथे डोल पुरी खा. चण्याच्या डाळीसारखी पिवळी डाळ भरलेली मऊ पातळ पोळी, दोन-दोनची जोडी, आत वालासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचा रस्सा आणि चटणी, कागदात गुंडाळून हातात देतात. अण्णा शाकाहारी असतील तर त्यांची बेटावरची निम्मी चिंता यातच मिटते. मिरची मात्र आधी विचारून घाला, ती जहाल असते.

दक्षिण दर्शनाचं जे पॅकेज आहे त्यातून जहाजांच्या प्रतिकृतींचा कारखाना आणि हिऱ्यांचं दुकान काढायला सांगा. तिथे गाडीवाल्याला दलाली मिळते आणि तुमचा तासभर जातो. त्याऐवजी दिवसभराची नुसती गाडी घ्या. टॅक्सीचं भाडं निघण्याआधी बोलून घ्यायचं, थांबे लिहून द्यायचे. पहिल्यांदा गंगा तलाव. तळं ज्वालामुखीच्या विवरात आहे, काठावर 33 मीटर उंचीची शंकराची मूर्ती आहे. उंचीवर असल्याने तिथे ढग आणि भुरभुर पाऊस सतत असतो. अण्णांसाठी स्वेटर घ्या. माकडं प्रसादाच्या पिशव्या ओढतात, त्यामुळे मुलाच्या हातात पिशवी देऊ नका. तिथून राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या रस्त्याने शामारेलला उतरा. वाटेत दरी दिसते अशा थांब्यावर दहा मिनिटं थांबलं की पुरे होत नाही, अर्धा तास ठेवा. मेमध्ये झुडपांवर लाल चिनी पेरू पिकलेले असतात. बोराएवढे, आंबट-गोड. शामारेलच्या सात रंगांच्या मातीवर चालता येत नाही, कठड्यामागून बघायची. मातीतल्या लोखंड आणि ॲल्युमिनियममुळे ते रंग येतात. ऊन असताना रंग उठून दिसतात, ढगाळलं की फिके पडतात, म्हणून दुपारच्या आधी पोहोचा. तिथलं महाकाय कासव नऊ वर्षांच्या मुलाला सातही रंगांपेक्षा जास्त आवडेल याची मला खात्री आहे.

दक्षिणेला ग्री-ग्रीला गेलात तर पाण्यात कुणीही उतरायचं नाही. तिथे प्रवाळाची भिंत तुटलेली आहे आणि महासागर सरळ कड्यावर येतो. बघायला तो किनारा विलक्षण आहे. कड्यापासून मागे उभं राहून बघा.

शेवटचा दिवस विमानतळाच्या अगदी जवळ काढा. ब्लू बे तिथून काही मिनिटांवर आहे आणि तो संरक्षित सागरी उद्यानाचा भाग आहे. अण्णा, तुम्ही आणि मुलगा तळाला काच असलेल्या बोटीत बसा. मुलगी आणि तिचे बाबा लाइफ जॅकेट घालून, तोंडाला नळी लावून पाण्यावर तरंगत प्रवाळ बघतील. माशांच्या मध्ये, कुणाचाही पाठलाग न करता. याच किनाऱ्याजवळ जुलै 2020 मध्ये ‘वाकाशिओ’ जहाज प्रवाळावर रुतलं आणि ऑगस्टमध्ये त्यातलं तेल सांडलं, तेव्हा गावकऱ्यांनी उसाचं पाचट कापडात भरून लांबच लांब लोड शिवले आणि तेल अडवायला पाण्यावर सोडले. बोटवाल्याला विचारा, त्यातल्या कुणाला तरी तो नक्की ओळखत असेल. वेळ उरलाच तर समोरच्या इल ओ एग्रेत बेटावर वन्यजीव संस्थेच्या माणसाबरोबर फेरी करता येते. तिथलं मूळचं जंगल पुन्हा उभं करताहेत आणि गुलाबी कबुतरं मोकळी फिरतात. त्याचं आरक्षण मात्र आधी करा.

आता थोडं किरकोळ. दुकानात पाटीवर ‘रु.’ दिसलं की ते आपले रुपये नव्हेत. मॉरिशसचा एक रुपया आपल्या पावणेदोन ते दोन रुपयांच्या आसपास पडतो. हॉटेलवाले बऱ्याचदा युरोत भाव सांगतात, तेव्हा कुठलं चलन ते आधी विचारा. पाण्यात उतरताना सगळ्यांना रबरी बूट हवेत. वाळूत दगडासारखा दिसणारा विषारी मासा असतो आणि सागरी साळींदरही. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा. रुग्णवाहिकेचा क्रमांक 114. अण्णांच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. काही वेदनाशामक औषधांच्या बाबतीत तिथले नियम फार कडक आहेत. ई-सिगारेटला बंदी आहे, कुणाकडे असेल तर घरीच ठेवा. शंख-प्रवाळ उचलून आणू नका, तेही बेकायदा आहे. आणि किनारे सगळे सार्वजनिक असतात. हॉटेलासमोरच्या वाळूवर बसायला कुणी मनाई केली तर नम्रपणे बसून राहा.

प्रवासाचा विमा काढतानाच विचारून घ्या की पॅरासेलिंग आणि डोंगर चढणं त्यात धरलंय का. पुष्कळ पॉलिसींमध्ये हे वगळलेलं असतं आणि ते कागदाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहितात.

टूरवाल्याला उद्याच फोन करा. उत्तरेला तीन आणि पश्चिमेला चार रात्री, हॉटेल बदलण्याच्या दिवशी पोर्ट लुईसमध्ये किमान चार तास गाडी, दक्षिणेसाठी एक दिवस गाडी, समुद्राचे पैसे तिथेच देऊ. तो कुरकुरेल. मेला अजून वेळ आहे तोवर दुसरा टूरवालाही मिळू शकतो हे त्यालाही ठाऊक असतं.